जिवंत माणसाच्या मापाची तिरडी

दोन उभे

"माप कुणाचं धरू?" मी विचारलं.

"गोलकीपरचं," भैरू म्हणाला, आणि दारात उभी असलेली सगळी पोरं हसली.

रविवारची सकाळ होती. फेब्रुवारी, १९८४. आदल्या संध्याकाळी आमची वेळू गल्ली तालीम उत्तर वेस तालमीकडून एका गोलनं हरली होती आणि सीनियर गटातून खाली घसरली होती. बरोबरी चालली असती. गोल झाला तेव्हा तीन मिनिटं राहिली होती.

आमच्या घरी तिरडी मागायची एक रीत होती. येणारा उंबऱ्याबाहेर उभा राहायचा आणि गेलेल्या माणसाचं नाव सांगायचा. बस्स. 'तिरडी पाहिजे' असं कुणी म्हणायचं नाही. आण्णा, म्हणजे माझे वडील, जेवत असले तरी हात धुऊन उठायचे. नाव कानावर पडल्याशिवाय आढ्याचा बांबू खाली यायचा नाही, आणि नाव पडल्यावर तो यायला उशीर व्हायचा नाही. आम्ही बुरूड. टोपल्या, सुपं, कणग्या आणि हे.

भैरूनं रीत पाळली. उंबऱ्याबाहेर उभा राहून त्यानं पूर्ण नाव सांगितलं. धोंडीराम रामू नागरे.

आण्णा उठले नाहीत. सुपाला कड लावत होते, लावत राहिले.

"चार घरं सोडून बघ जा," ते म्हणाले. "अंगणात बसून त्योबी सूपच इणतोय. मेलेली माणसं सुपं इणत न्हाईत."

"गल्लीसाठी मेला त्यो, आण्णा."

"मग गल्लीलाच बांधाय लाव."

पोरं माझ्याकडे बघायला लागली. मी एकोणीस वर्षांचा होतो, तालमीचा डावा बॅक होतो आणि आदल्या दिवशी मैदानात होतो. मी स्टुलावर चढलो आणि बांबू उतरवला. आण्णांनी मला थांबवलं नाही. एवढंच म्हणाले की बांधायचीच असेल तर कोपऱ्यातला किडका बांबू घे, काथ्या सैल मार, बघणाऱ्याला खेळणं दिसलं पाहिजे.

"चार पावलांत मोडली पायजे," ते म्हणाले. "ऐकलंस का नेताजी? मोडली पायजे."

मी किडका बांबू घेतला नाही. आजऱ्याकडून आलेले, सावलीत वाळवलेले, सरळ, दोन्ही एका जाडीचे बांबू घेतले. मी संतापलो होतो. तेव्हा विचारलं असतं तर एवढंच सांगितलं असतं.

मध्येच: तालमीचा इतिहास, असेल तेवढा

पाटीवर स्थापना १९३१ लिहिलेली आहे. पाटी रंगवणाऱ्यानं साल विचारलं, तेव्हा तालीम चालवणाऱ्या केरबा वस्तादांच्या वडिलांच्या तोंडात तो आकडा आला, म्हणून. आधी नुसता आखाडा होता. कुस्त्या मारणारी पोरं पावसाळ्यात मातीत पाणी आलं की चेंडू मारायची. कोल्हापुरात तालीम म्हटली की फुटबॉल आलाच, त्यात आमचं काही विशेष नव्हतं.

सरावाचे गोलपोस्ट बांबूचे. आडवा बांबू मधोमध चार बोटं वाकलेला. त्यामुळे आमचा प्रत्येक खेळाडू खाली मारायला शिकला, आणि प्रत्येक गोलकीपर खालचे चेंडू अडवायला.

गल्लीत बासष्ट घरं. खेळणारे बारा-तेरा. तालमीकडे एकच करंडक, शिस्तबद्ध संघाचा, आणि तोही ज्या वर्षी मिळाला त्या वर्षी आमचे निम्मे सामने पावसानं रद्द झालेले. तो मारुतीशेजारी ठेवायचे.

१९७६ ला सीनियर गटात चढलो. सात हंगाम टिकलो. सातही हंगाम शेवटच्या सामन्यात, कसेबसे, आणि सातही वेळा एकाच माणसामुळे. धोंडीरामदादा, गल्लीचा धोंडीदा. पस्तीस वर्षांचा. बांबूच्या कुसळांनी फाटलेल्या बोटांना चिंध्या बांधून गोलात उभा राहायचा. एकदा पेनल्टी तोंडानं अडवली, दोन दात तिथंच राहिले. त्या संध्याकाळी आम्ही त्याला खांद्यावर घेऊन गल्लीत फिरवलं होतं, आणि तो रक्ताळलेल्या तोंडानं म्हणत होता, उतरवा रं, बायको बघत्या.

त्याची धाकटी बहीण उत्तर वेशीत दिलेली होती. याचा कुणाला सात वर्षांत त्रास झाला नव्हता.

गोल, तीनदा

भैरूनं पाहिलेला गोल: "मी पूर्वेच्या पायऱ्यांवर होतो. त्यांच्या काळ्या पोरानं तीस यार्डावरनं मारला. सरळ चेंडू. माझ्या म्हातारीनं धरला असता. धोंडीदा उजवीकडं पडला आन् चेंडू डावीकडनं चालत आत गेला. चालत. कुणी उजवीकडं पडतं का असं? ज्याला चेंडू धरायचाच न्हाई त्योच पडतो."

केरबा वस्तादांनी पाहिलेला गोल: "पंचेचाळीस वर्षं बघतोय फुटबॉल. मी काय बोलत न्हाई. उजवीकडं गेला, एवढं मी बघितलं. का गेला ते त्याला ठाऊक आन् त्याच्या मेहुण्याला ठाऊक."

गल्लीनं पाहिलेला गोल: शनिवारी सात वाजेपर्यंत धोंडीदानं गोल सोडला होता. आठपर्यंत त्यानं तो बहिणीच्या सासरसाठी सोडला होता. नऊपर्यंत मेहुणा शुक्रवारी गल्लीत आला होता, कुणीतरी त्याला पाहिलंही होतं, सायकलवर, डोक्याला मफलर गुंडाळलेला. दहाला लोक झोपले, कारण आता सगळं पक्कं झालं होतं.

चौथा गोल आहे. तो मी पाहिला. त्याच्याकडे येतो.

आडव्या कामट्या

तिरडी बांधणं अवघड नाही. दोन उभे बांबू, त्यांच्यावर आडव्या कामट्या, प्रत्येक जोडाला काथ्याची तिढी. अवघड आहे ते वाईट बांधणं. हाताला सवय नसते. लहानपणापासून आण्णांनी एकच शिकवलं होतं, की टोपली फुटली तर गिऱ्हाईक परत येतं, तिरडी मोडली तर येत नाही आणि जन्मभर बोलतं. मी एकेक जोड पाय लावून आवळला. उजव्या गुडघ्यावर बसून बांधली सगळी, डावा पाय लांब पसरून.

दुपारी एकपर्यंत ती भिंतीला टेकून उभी होती. पोरांनी पेंढा आणला. उद्यमनगरातल्या फौंड्रीत भैरूबरोबर मोल्डिंग करणाऱ्यानं हलगी आणली. कुणीतरी गोवऱ्यांचा धूर केलेलं मडकं आणलं. बेत असा की धोंडीदाच्या दारात तिरडी ठेवायची, त्याची पिवळी जर्सी मागून घेऊन तिच्यावर अंथरायची, बोंब मारायची आणि तिरडी तालमीपर्यंत नेऊन जाळायची.

तेवढ्यात केरबा वस्ताद आले. पांढरं धोतर, हातात छत्री. त्यांनी एक शब्द काढला असता तर पोरं घरी गेली असती. त्या काळी वस्तादांच्या खोकल्यालासुद्धा गल्ली थांबायची. त्यांनी तिरडी खालून वर पाहिली, एक जोड अंगठ्यानं दाबून पाहिला.

"पोरांचं मन मोकळं व्हतंय तर हू द्या," ते म्हणाले आणि आमच्याच ओट्यावर बसून पान मागवलं.

याचा राग मला तेव्हा आला नाही. आज येतो. पान चघळत बसलेला तो माणूस आठवला की हात शिवशिवतात.

दार

चार घरं. हलगी वाजायला लागेपर्यंत आम्ही पोहोचलोसुद्धा.

धोंडीदा खरंच सूप विणत होता. अंगणात बारदानावर, मांडी घालून. त्याच्या बायकोनं, अक्काताई वैनींनी, तिरडी पाहिली आणि हातातली कळशी खाली ठेवली. त्या ओरडल्या नाहीत. वस्ताद आमच्यामागून येऊन उभे होते, सरळ त्यांच्याकडे गेल्या. सात वर्षं ह्या माणसाच्या जर्सीवरचं रक्त मी धुतलं, तुमच्या तालमीनं साबणाची वडी पाठवली नाही, असं काहीतरी त्या बोलत होत्या, पण हलगीत सगळं ऐकू येत नव्हतं. शेवटचं ऐकू आलं, कारण तेव्हा हलगी थांबली होती.

"कुकू पुसायला कुणी येणार हाय का तेबी मीच करू?"

 भैरूनं मडकं या हातातून त्या हातात घेतलं.

धोंडीदा उठला. सूप बाजूला ठेवलं, मांडीवरचा भुसा झटकला. तिरडीजवळ येऊन वाकला आणि एकेक जोड हातानं ओढून पाहिला. बुरूडच तो. बाजारात टोपली घेताना जसा ओढून बघायचा, तसा.

"कुणी बांधली?"

पोरांनी माझ्याकडे बोट केलं.

"चांगली बांधलीस," तो मला म्हणाला. मग भैरूकडे वळला. "मडकं तू धरलंस व्हय? म्हंजे माझा ल्योक तू."

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. भैरूनं मडकं शेजारच्याच्या हातात दिलं, शेजारच्यानं पुढच्याच्या. ते मडकं सहा जणांच्या हातांतून फिरून शेवटी कट्ट्यावर राहिलं.

मग धोंडीदा तिरडीवर झोपला.

पेंढ्यावर पाठ टेकली, पाय जुळवले, फाटक्या बोटांचे हात छातीवर ठेवले. माप बरोबर होतं. डोकं आणि टाचा दोन्हीकडे वीत-वीत जागा.

"चला," तो म्हणाला. "उचला."

खांदा

उचलायला कुणी तयार नव्हतं. तेव्हाच पळालो असतो तर बरं झालं असतं. पण तो पडून राहिला आणि म्हणाला की आता नाही उचललं तर गल्लीत सांगत फिरेन, तिरडी आणली आणि उचलायचा दम नव्हता. भैरूचा स्वभाव त्याला माहीत होता. भैरू वाकला. मग दुसरा. तिसरा. पुढची डावी बाजू रिकामी राहिली, तिथं मी गेलो.

मी वाट बघत होतो. एखादी कामटी कडाडायची, एखादी तिढी सुटायची. धोंडीदा दाणकन खाली पडायचा, आईवरून शिव्या द्यायचा, पोरं हसायची, भैरू चहा सांगायचा आणि प्रकरण मिटायचं. गल्लीतली निम्मी भांडणं अशीच मिटतात. पण काही मोडलं नाही. साधं करकरलंसुद्धा नाही. बांधली मी होती.

गल्लीच्या तोंडाला तालीम. तिथं ठेवायला लागलो तर वरून आवाज आला.

"हितं कोण ठेवतंय? घाटावर चला. मधी टाकू नगा."

आम्ही चालत राहिलो. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. खांद्यावर तिरडी आली की पाय आपोआप त्या चालीनं पडतात, एवढंच खरं. हलगीवाला कधी गळाला कळलं नाही. भर दुपारी बाजारातून निघालो. लोक उठून उभे राहिले. कापडवाल्यानं अर्धं शटर ओढलं. एका म्हाताऱ्यानं टोपी काढून हात जोडले, आणि धोंडीदानं झोपल्या झोपल्या परत हात जोडले. म्हातारा मटकन फळीवर बसला.

घाटाचा रस्ता उत्तर वेशीतून जातो. तिथं त्यांच्या तालमीपुढं मांडव होता, जिंकल्याचा. पोरं चहा पीत होती. आम्ही टोमण्यांची वाट बघत मान खाली घातली. टोमणा आला नाही. ती पोरं एकेक करून उभी राहिली, आणि तेवढ्यात एका घरातून धोंडीदाची बहीण अनवाणी धावत आली. तिला कुणीतरी सांगितलं होतं, तुझ्या भावाला नेत आहेत. तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी परत कधी ऐकला नाही, ऐकायचाही नाही.

धोंडीदा उठून बसला. आमचे चारी खांदे कलंडले.

"जित्ता हाय गं. जा घरात. जा म्हंतो न्हवं."

तिच्यामागे तिचा नवरा आला. ज्याच्यासाठी गोल सोडला असं गल्लीनं ठरवलं होतं, तो. मफलर नव्हता. बायकोला धरून तो आमच्याकडे बघत म्हणाला, "हंगाम लागल्यापासनं हा माणूस आमच्या उंबऱ्याच्या आत आला न्हाई. बहिणीच्या हातचं पाणी पीत न्हाई लीग संपस्तोवर. सात वर्षं झाली. आन् तुम्ही त्याला." तो वाक्य तिथंच सोडून तिला घरात घेऊन गेला.

हे आम्ही सगळ्यांनी ऐकलं. भैरूनं ऐकलं, बरोबर चालणाऱ्या चाळीस जणांनी ऐकलं. कुणी म्हणालं नाही की तिरडी खाली ठेवा. एवढ्या लांब आणल्यावर कुणाला आपण चुकलो असं वाटून घ्यायचं नव्हतं.

धोंडीदा परत आडवा झाला. उतार लागला तसं त्याचं डोकं माझ्या कानाशेजारी आलं. फक्त मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात तो म्हणाला, "नेताजी, गुडघा सुजला असंल. रातच्याला हळद लाव."

चौथा गोल

त्यांच्या पोरानं तीस यार्डावरून मारला. खाली, जोरात, धोंडीदाच्या उजव्या हाताकडे. धोंडीदानं तो पायातून सुटायच्या आधीच ओळखला आणि उजवीकडे झेपावला. बरोबर गेला. हात चेंडूच्या वाटेवर होते. मी मधे होतो. मला मधे असायचं काम नव्हतं, मी घाबरून आत सरकलो होतो. चेंडू माझ्या डाव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला लागला आणि दिशा बदलून डावीकडून आत गेला. चालत. भैरू ते बरोबर बोलला होता.

समोर सात-आठ पाय होते. पायऱ्यांवरून कुणाला काही दिसलं नाही. मी खाली पडलेल्या धोंडीदाकडे पाहिलं, त्यानं माझ्याकडे पाहिलं. तो काही बोलला नाही. मीही नाही. तो बोलला नाही याचा मला इतका राग आला, इतका, की रात्रभर पाय ठणकत असताना मी त्याच्यावरच दात खात होतो. बोल की लेका. सांग की सगळ्यांना. म्हणजे मला खोटं तरी बोलता येईल.

सकाळी भैरू आला आणि मी चांगले बांबू उतरवले.

घाट

तिरडी पायऱ्यांवर टेकवली. धोंडीदा उतरला, पाण्यापर्यंत गेला आणि तोंडावर पाणी मारायला लागला. आम्ही उभे. वस्ताद छत्री उघडून मागून येऊन पोहोचले होते. आता काय करायचं कुणाला ठाऊक नव्हतं. तिरडी जाळायची असं ठरलं होतं, पण काड्यापेटी कुणी काढेना.

"मला लागून गेला," मी म्हणालो.

कुणी ऐकलं नाही. मी परत म्हणालो.

"गोल माझा हाय. माझ्या गुडघ्याला लागून गेला चेंडू. धोंडीदा बरोबर पडलाता."

पँट गुडघ्याच्या वर ओढून दाखवली. गुडघा पपईएवढा झाला होता, आतल्या बाजूनं निळा.

भैरू वाकून बघत राहिला.  मग सरळ झाला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, कळलं.

"बघा रं," तो पोरांना म्हणाला. "बघून घ्या. ह्याला म्हंत्यात गल्लीचं पोरगं. दुसऱ्याचं पाप अंगावर घेतंय."

"अरं मी खरं सांगतोय."

"व्हय व्हय. कळतंय आमाला."

"भैरू, आईशपथ. मी मधी आलो. मी भ्यालो आन् मधी आलो."

"एवढा वेळ का बोलला न्हाईस मग?" कुणीतरी मागून विचारलं. मी उत्तर द्यायच्या आत भैरूनंच दिलं. "त्येची दया आली म्हणून बोलतोय आत्ता. बहीण बघितली न्हवं त्येनं."

मी ओरडायला लागलो. जितका ओरडलो तितके ते हेलावले. एकानं मला मिठी मारली. मी त्याला ढकललं, तर त्यानं परत मारली. धोंडीदाचं निर्दोष असणं त्यांना परवडत नव्हतं. त्याला भर बाजारातून इथवर आणलं होतं; तो निर्दोष असता तर आम्ही सगळे कोण होतो? मी मोठ्या मनाचा असणं मात्र सगळ्यांना परवडत होतं.

वस्तादांनी छत्री मिटली. पाठीवर त्यांचा हात पडला, जड, पानाच्या वासाचा.

"संपलं," ते म्हणाले. "नेताजीच्या शब्दाखातर तालमीनं धोंडीरामला माफ केलं. पुना कुणी विषय काढायचा न्हाई. आन् पुढच्या हंगामाला कप्तान हे पोरगं. असंच काळीज लागतंय कप्तानाला."

चाळीस जणांनी टाळ्या वाजवल्या. घाटावर, रिकाम्या तिरडीभोवती.

खालच्या पायरीवर धोंडीदा हातरुमालानं मान पुसत होता. तो परत कधी गोलात उभा राहणार नव्हता. त्याच उन्हाळ्यात तो बायकोला घेऊन इचलकरंजीला गेला आणि मागावर बसला. आम्ही नंतर सीनियर गटात कधीच चढलो नाही. पण हे सगळं पुढचं. त्या क्षणी तो पुसायचा थांबला आणि माझ्याकडे बघत राहिला. मैदानात पडल्या पडल्या पाहिलं होतं तसंच. त्याला बहुतेक वाटत होतं की अजून एक गोष्ट मला करता येईल. नको म्हणता येईल. तेवढं तर येईलच. तो थांबला होता, रुमाल हातात धरून, चांगला वेळ देऊन.

टाळ्या चालू होत्या. मी वाकलो आणि वस्तादांच्या पाया पडलो.